हेडेलुंडची टाकी, स्टाग्स्टेडचे टोमणे

९ जानेवारी

टाकी काठोकाठ गरम झाली. ट्रोल्सचा सकाळीच फोन आला, "गेर्डाबाई, वरपासून खालपर्यंत." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. ट्रोल्स म्हणजे आमच्या सहकारी उष्णता केंद्राचा एकुलता एक कामगार. तीन शब्द एका दमात बोलला म्हणजे स्वारी हवेत असणार.

दोन दिवस वारा नुसता पिसाळला होता. समुद्रातल्या पवनचक्क्या गरगरत होत्या आणि वीज कोणी घेता का म्हणत फिरत होती. आम्ही घेतली. दोन्ही पंप पूर्ण जोरात चालवले. हे पंप बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून पाण्यात भरतात. म्हणजे फ्रिजच, फक्त उलटा. ते पाणी टाकीत जातं, टाकीतून जमिनीखालच्या पाइपांनी घराघरांतल्या रेडिएटरमध्ये, खोल्या आणि आंघोळीचं पाणी तापवायला. वारा पडला की पंप बंद, आणि गाव टाकीवर जगतं. बाकी देश विजेसाठी हात पसरतो तेव्हा आम्ही आपले गप्प. मला तर यात काहीच नवल वाटत नाही. सलूनमध्ये शाम्पू स्वस्त झाला की मी कपाट भरून ठेवायचे, महाग झाला की कपाट उघडायचे.

सलून विकून मी आरामात राहणार होते. पण वार्षिक सभेत अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. किटली घेऊन बाहेर आले तर टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं, कॉफीसाठी.

१२ जानेवारी

एयनार पुन्हा आला होता. शेजारच्या स्टाग्स्टेड गावच्या उष्णता केंद्राचा अध्यक्ष. त्यांच्याकडे अजून लाकडाच्या चिपा जाळतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे वेळच वेळ. आमची टाकी बघायला म्हणून येतो. टाकी म्हणजे चर्चच्या मनोऱ्याएवढा पत्र्याचा डबा, एकदा बघितला की संपलं. हा आठवड्यातून दोनदा येतो.

"अध्यक्षबाई, आज टाकी जरा उंच वाटतेय," म्हणाला.

मी म्हटलं, "तुम्ही बुटके झाला असाल."

यावर तो एवढा हसला की त्याला कॉफी द्यावी लागली. दालचिनीचा केकही कापला. मग पाइपांना वेष्टण कुठलं, पंपाचा आवाज किती, मी रविवारी काय करते, असे नाना प्रश्न. सगळी माहिती गोळा करून नेतो. सरळ सरळ हेरगिरी आहे. मुलीला, सिग्नेला, फोनवर सांगितलं तर ती आऱ्हूसमध्ये बसून खी खी करत राहिली. मग म्हणाली, "आई, तू त्या हेराला पुढच्या वेळी जेवायलाच घाल." शहरात राहून मुलांची गंभीरपणे विचार करायची सवय सुटते.

१७ जानेवारी

वारा पडला. हवामानवाले म्हणतात आठवडाभर असंच, आणि वर कडाक्याची थंडी. खाडी काचेसारखी. पवनचक्क्या शिक्षा दिल्यासारख्या उभ्या.

मला भीती वाटत नाही. टाकी भरलेली आहे.

१९ जानेवारी

भीती वाटते.

एका पंपाचा पंखा फिरवणारी मोटर जळाली. नवी जर्मनीहून यायची आहे. दुसऱ्या पंपाच्या जाळीवर बर्फाचा थर धरतो आणि ट्रोल्स गरम पाण्याचा फवारा मारून तो काढत बसतो. शिवाय इतक्या गार हवेत ओढायला ऊब तरी किती असणार? एकटा पंप सतत चालवला तरी निम्म्या गावापुरतं. वीज तर सोन्याच्या भावाने, कारण सगळ्या देशातच वारा नाही. उरलेलं सगळं टाकीतून जातंय. टाकीत गरम पाणी वर तरंगतं आणि थंड खाली साठतं. ट्रोल्सच्या पडद्यावर ती दोघांमधली रेघ दिसते. रेघ वर सरकतेय.

मागच्या उन्हाळ्यात गवताच्या पेंढ्यांवर चालणारा जुना बॉयलर मोडीत काढा असं सभेत सर्वांत मोठ्याने कोण ओरडलं होतं? मीच. "एका घरात दोन चुली कशाला?" असं म्हणाले होते. तेव्हा ते वाक्य फार छान वाटलं होतं.

"वारा शनिवारी," ट्रोल्स म्हणाला.

"आणि टाकी?"

"गुरुवार."

२० जानेवारी

सगळ्या सभासदांना फोनवर निरोप पाठवला : घरं दोन अंशांनी गार ठेवा, आंघोळी लांबवू नका, गावाचं सहकार्य हवं. शेवटी 'आपली नम्र'.

परिणाम असा की पाणी संपायच्या आत आटपून घ्यावं म्हणून अख्खं गाव आंघोळीला बसलं. म्हाताऱ्या लॉरिट्सने, जो नाताळाला आंघोळ करतो आणि त्याचीही पूर्वसूचना देतो, त्यानेसुद्धा टब भरला. ट्रोल्स म्हणाला की रेघेने उडी मारली. एवढं म्हणून तो बाहेर बर्फ काढायला गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

आमच्या लोकांना नम्रपणे सांगून चालत नाही. केस कापतानासुद्धा 'मान खाली घाला' म्हटलं की मान वर जायची. 'तुमची मान दुखत असेल, राहू दे' म्हटलं की लगेच खाली.

२१ जानेवारी

आज एक गोष्ट केली. लिहू की नको अशा विचारात आहे. वही माझी, कुलूप माझं, तेव्हा लिहिते.

बोडिलच्या दुकानात राईचा पाव आणायला गेले होते. बोडिल माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला सांगितलेली बातमी दुपारच्या जेवणाआधी चर्चच्या पलीकडे पोहोचते. दुकानात चार-पाच जण होते. मी सुटे पैसे शोधत सहज म्हणाले, "स्टाग्स्टेडवाल्यांची फार करमणूक चाललीय म्हणे आपल्यावर."

"का गं? काय म्हणतात?" बोडिलने विचारलं.

"जाऊ दे. ऐकून कशाला डोकं तापवायचं?"

"गेर्डा, पाव देणार नाही हं!"

"असं म्हणतात की हेडेलुंडची माणसं म्हणजे उबेला सोकावलेली मांजरं. रेडिएटर जरा कोमट झाला तर गुरुवारपर्यंत सगळी स्टाग्स्टेडला राहायला येतील, उशा घेऊन."

बोडिलने पाव पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि त्या गाठीकडे बघत म्हणाली, "उशा घेऊन?"

"असं कानावर आलं."

"कोणाच्या?"

"माझ्याच."

बोडिलचे ओठ थरथरले. रागाने असणार. मला जरा वाईट वाटलं.

२२ जानेवारी

चमत्कार! रेघ जवळजवळ थांबलीय. ट्रोल्सने पडद्याला टिचकी मारून पाहिली, बिघडलाय का म्हणून.

सगळ्या गावाने रेडिएटर खाली केले. लॉरिट्स सैन्यातली केसाळ टोपी घालून काठी टेकत घरोघर जातो आणि खिडकीच्या काचांना हात लावून बघतो. कोणाची काच गरम लागली की आत ओरडतो, "अरे मांजरा!" दुपारपासून सगळे सभागृहातच आहेत. एकच मोठी खोली, एकच रेडिएटर, पन्नास माणसं, पिवळ्या वाटाण्याचं सूप आणि व्हिस्टचे, म्हणजे पत्त्यांचे, डाव. इतकी माणसं आत असल्यावर रेडिएटरचीही गरज नव्हती. कोणीतरी तोही बंद केला.

बोडिल मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आज काही म्हणाले का गं ते स्टाग्स्टेडवाले?"

"नाही अजून."

"संध्याकाळपर्यंत काहीतरी म्हणाले तर बरं होईल. उशांचा जोर ओसरायला लागलाय."

बिचारी किती मनाला लावून घेते!

मग मला सांगावंच लागलं की आमच्यातल्या कोणालाही थंड पाण्याने तोंड धुता येणार नाही असंही ते म्हणतात. ऐकून सभागृहात आरडाओरडा झाला. दोघेतिघे तर मागच्या दाराने जाऊन बर्फाने तोंड धुऊन आले.

२३ जानेवारी

मेले. एयनारला कळलं.

सकाळी केंद्रावर उभा! मी पंपाच्या आडोशाला सरकले, पण पंप तेवढा रुंद नाही.

"अध्यक्षबाई, मी काय काय बोललो आहे ते मला एकदा सविस्तर सांगाल का? गावात आलो तर तुमच्या एका म्हाताऱ्याने माझ्या गाडीवर काठी आपटली. मला मांजर म्हणाला."

मी सगळं खरं सांगून टाकलं. मोटर, रेघ, आंघोळी, उशा. बोलता बोलता आवाज जरा कापला, थंडीमुळे. टाकी आजच रिकामी होणार होती, ती या टोमण्यांवर तग धरून आहे, असंही म्हणाले.

तो ऐकत होता. आता हा हे सगळं वर्तमानपत्राला सांगणार असं मी धरून चालले. पण तो म्हणाला, "उशा चांगल्या आहेत. थंड पाण्याचं मात्र जमलं नाही. मी तसं बोलणार नाही."

"मग तुम्ही कसं बोलाल?"

"विचार करून सांगतो. आणि गेर्डा, तू जेवली आहेस का?"

मध्येच 'तू' म्हणाला. गडबडीत जीभ घसरली असावी.

मग कोट काढून ट्रोल्सच्या हातातला फवारा घेतला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पंपावरचा बर्फ काढत राहिला. दुसऱ्याच्या पंपाची इतक्या जवळून पाहणी करायची संधी कोण सोडेल? मी लक्ष ठेवून होते. काम मात्र नीट करतो. खांदेही अजून सरळ आहेत.

दुपारी गावात बोंबाबोंब. दोन गावांच्या हद्दीवर भला मोठा फलक लागला होता : 'हेडेलुंडकरांनो, लाजू नका. आमच्याकडे गरम पाणी आहे. टॉवेल आपापला आणा.' खाली सहीच केलीय, एयनार, अध्यक्ष. पठ्ठ्याने अक्षरंही रंगवून काढली होती.

संध्याकाळी रेघ बोटभर खाली आली. खाली! ट्रोल्स हसला. मी त्याला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा त्याचे दात पाहिले.

२४ जानेवारी

आजचा दिवस वाईट गेला.

काल रात्री थंडी आणखी वाढली आणि सकाळी पाइपाच्या शेवटच्या टोकाला पाणी कोमट पोहोचायला लागलं. शेवटचं घर लॉरिट्सचं. तो सभागृहात दिसेना म्हणून धावत गेले. म्हातारा बिछान्यात, अंगावर सगळे कोट, डोक्यावर टोपी. हात हातात घेतला तर गार. सभागृहात एवढी मजा चालली होती आणि माझ्या थापेपायी हा नव्वदीला टेकलेला माणूस इथे एकटा गारठत पडला होता. आज त्याला काही झालं असतं तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?

"चला, सभागृहात चला," मी म्हटलं.

"नाही. ही खिडकी स्टाग्स्टेडच्या रस्त्यावरून दिसते. मी पळालो असं म्हणतील."

"लॉरिट्स, मरू देत ते स्टाग्स्टेडवाले! ऐका माझं. ते असं काही…"

तो घाईघाईने म्हणाला, "श्श! काही सांगू नकोस. इतक्या वर्षांत असा आठवडा आला नव्हता. काल व्हिस्टमध्ये मी बोडिलला हरवलं." मग माझा हात दाबला. "उद्यासाठी एखादं राखून ठेवलंयस ना? जरा झोंबणारं?"

म्हातारा थंडीने बरळत होता. मी एयनारला फोन केला. का कोण जाणे, पहिला तोच नंबर लागला. तो गाडी घेऊन आला आणि लॉरिट्सला खुर्चीसकट उचललं. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने मी. लॉरिट्स वरून सगळ्या रस्त्याला सलामी देत होता आणि ओरडत होता, "शत्रूने पकडून नेलं! नाइलाज आहे!"

सभागृहात त्याला सूप पाजलं, ब्रँडी पाजली, आणि गालांवर रंग आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून घेतलं. एयनार भांडी पुसायला आत आला. एकच बशी बराच वेळ पुसत होता. स्टाग्स्टेडचा अध्यक्ष आमच्या सभागृहात भांडी पुसतोय आणि कोणीही त्याला बाहेर काढलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. लोक दमले असतील.

२५ जानेवारी

वारा!

पहाटे बोडिलच्या दुकानाची पाटी करकरायला लागली आणि सगळं गाव अंगणात. कोणी झग्यात, कोणी बूट उलटे घातलेले. खाडीपलीकडची पहिली पवनचक्की हलली, थांबली, पुन्हा हलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंप पूर्ण जोरात. दुपारी मोटरही आली. संध्याकाळी लॉरिट्सच्या घरचा रेडिएटर इतका तापला की त्याने खिडकी उघडली आणि स्टाग्स्टेडच्या दिशेने आपला टॉवेल वाळत घातला.

३० जानेवारी

आता उलटी पंचाईत. वादळ आलंय. टाकी भरली, रस्तेसुद्धा तापवता येतील इतकी वीज, आणि तिचा भाव शून्याच्याही खाली. म्हणजे वापरा म्हणून वीजवालेच आम्हाला पैसे द्यायला तयार, आणि आमच्याकडे ऊब ठेवायला जागा नाही. लोकांना निरोप पाठवला, हवं तेवढं तापवा. कोणी ऐकेना. सगळे अजून सभागृहातच व्हिस्ट खेळतायत, एकच रेडिएटर, तोही बंद.

एयनारचा फोन. त्यांच्या चिपा बर्फाने भिजल्यात, बॉयलर नुसता धूर ओकतोय. "तुझ्याकडे ऊब जास्त, माझ्याकडे कमी. मध्ये तीन किलोमीटर शेत. पाइप टाकू या का?"

"विचार करते," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"ही तांत्रिक बाब आहे, एयनार!"

"हो, हो, तांत्रिकच," तो म्हणाला. सध्या सरसकट 'तू' म्हणतो. मीही म्हणते, नाहीतर उगाच शिष्टपणा दिसायचा.

१६ फेब्रुवारी

पाइपासाठी विशेष सभा. ज्यांनी आपल्याला मांजरं म्हटलं त्यांना आपलं गरम पाणी द्या, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि कोणी उठून विचारलं की उशांचं नक्की बोललं कोण, तर?

भाषण पाठ करून गेले होते. पहिल्याच वाक्यावर लॉरिट्सने हात वर केला. "माझी एक अट आहे. पाइप आला तरी स्टाग्स्टेडवाल्यांनी टोमणे बंद करायचे नाहीत. दर हिवाळ्यात निदान एक आठवडा."

सगळं सभागृह हसायला लागलं. हसणं थांबेचना. बोडिल तर डोळे पुसत होती. ट्रोल्स खांबाला टेकून खाली बसला. मी घाबरून एयनारकडे पाहिलं. तो पाहुणा म्हणून मागच्या रांगेत होता. त्याने उभं राहून गंभीरपणे सांगितलं, "आमच्या गावात असलं सुचणारं कोणी नाही. टोमणे तुम्हालाच पुरवावे लागतील." पुन्हा हशा.

बाजूने सगळे. विरोधात कोणी नाही. नशीब म्हणायचं, चौकशी झाली नाही. घरी येताना बोडिलने हात धरला आणि म्हणाली, "गेर्डा, तू फार गोड बाई आहेस. पण जगात तू एकटीच आंधळी राहिलीस." चष्म्याचा नंबर बदललाय हे मी तिला मागेच सांगितलं होतं.

२ मार्च

पाइपाची वाट आखायला गेलो. एयनार, मी आणि लाल फिती बांधलेले खुंटे. इंजिनियरने नकाशावर सरळ रेघ मारून दिली होती. एयनारने पहिल्याच शेतात ती सोडली. म्हणाला, खाडीच्या कडेने घेऊ. मी म्हटलं, वाट वाढेल, पाइप जास्त लागेल, वाटेत ऊब जाईल. तो म्हणाला, त्या बाजूला माती मऊ आहे आणि बदकं आली आहेत. बदकांचा आणि पाइपाचा संबंध काय, ते मला कळलं नाही. पण माती खरंच मऊ होती. माझा पाय रुतला, तर त्याने हात दिला आणि नंतर परत घ्यायला विसरला. मीही आठवण केली नाही. दोन्ही हातांनी खुंटे धरले असते तर तोल गेला असता.

गाडीने हेच काम तासाभरात झालं असतं. तो म्हणतो, पाइपाची वाट पायीच आखतात. आम्ही सकाळी निघालो ते दिवे लागायच्या वेळी परतलो. सिग्नेला फोनवर सगळं सांगितलं, अगदी मातीच्या प्रकारासकट. ती म्हणाली, "आई, इंजिनियरला कळवू नकोस." मी का कळवू? त्याला त्या मातीतलं काय कळतंय?

उद्या पुन्हा जायचं आहे. एका खुंट्याची जागा चुकली आहे असं एयनारचं म्हणणं. कुठला खुंटा, ते त्याला आठवत नाही. पहिल्यापासून सगळेच बघावे लागतील.